दागिन्यांतील गॉर्गोनियन

गॉर्गोनियन म्हणजे ग्रीक पुराणकथांतील गॉर्गोन या राक्षसीच्या, विशेषतः मेड्युसाच्या, छिन्न मस्तकाची समोरून दाखवलेली प्रतिमा होय. प्राचीन ग्रीक, एट्रुस्कन आणि रोमन लोक ही प्रतिमा अरिष्ट, शत्रू आणि मत्सरी नजर यांपासून रक्षण करणारी मानत. मंदिरांची शिखरे, ढाली, चिलखते, नाणी आणि मद्यपात्रे यांबरोबरच लोलक, अंगठ्या, कर्णभूषणे, पदके आणि कोरीव खडे यांवरही ती मोठ्या प्रमाणावर आढळते. पाहणाऱ्याला दगड बनवणारा हा चेहरा अंगावर धारण करणाऱ्याचा मात्र रक्षक ठरतो. इ.स.पू. ७ व्या शतकापासून रोमन साम्राज्याच्या अखेरीपर्यंत ही प्रतिमा दागिन्यांत सातत्याने दिसते. पुढे बायझंटाईन ताईत आणि युरोपीय प्रबोधनकाळातील रत्नकाम यांतूनही तिची परंपरा चालू राहिली.

नाव आणि अर्थ

‘गॉर्गोन’ हे नाव ‘गॉर्गोस’ या ग्रीक विशेषणाशी संबंधित असून त्याचा अर्थ भयंकर, उग्र असा होतो. ‘गॉर्गोनियन’ म्हणजे गॉर्गोनचे मस्तक किंवा मुखवटा. अशा संरक्षक वस्तूंचे वर्णन करताना अभ्यासक ‘अपोट्रोपाइक’ ही संज्ञा वापरतात. ती ‘दूर सारणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आली आहे. मत्सरी नजरेमुळे होणाऱ्या बाधेला ग्रीक भाषेत ‘बास्कानिया’ आणि लॅटिन भाषेत ‘फॅसिनाटिओ’ असे म्हणत. मराठीतील ‘दृष्ट लागणे’ ही कल्पना तिच्या बरीच जवळची आहे.

पौराणिक पार्श्वभूमी

हेसिअडच्या ‘थिओगोनी’ या काव्यात फोर्किस आणि केटो या सागरी दैवतांच्या तीन गॉर्गोन कन्या सांगितल्या आहेत: स्थेनो, युरिआले आणि मेड्युसा. पहिल्या दोघी अमर होत्या, मेड्युसा मर्त्य होती. पर्सिअस या वीराने तिचा शिरच्छेद केला, तेव्हा तिच्या मानेतून पेगासस हा अश्व आणि क्रिसाओर यांचा जन्म झाला. नंतरच्या कथांनुसार पर्सिअसने ते मस्तक अथेना देवीला अर्पण केले आणि देवीने ते आपल्या ‘एजिस’ या दैवी कवचावर बसवले. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’मध्ये मेड्युसा मूळची सुंदर तरुणी आहे. मिनर्व्हाच्या मंदिरात नेपच्यूनने तिच्यावर बळजबरी केल्यानंतर देवीने तिच्याच केसांचे साप केले, असे ओव्हिड सांगतो.

होमरच्या ‘इलियड’मध्ये अथेनाच्या एजिसवर आणि आगामेम्नॉनच्या ढालीवर गॉर्गोनचे मुख असल्याचे वर्णन आहे. ‘ओडिसी’मध्ये ओडिसिअसला पाताळलोकात अशी भीती वाटते की, पर्सेफोनी आपल्यावर गॉर्गोनचे मस्तक पाठवील. या प्राचीन उल्लेखांत मस्तकाला स्वतंत्र अस्तित्व आहे, परंतु पर्सिअसची कथा मात्र येत नाही. यावरून जेन हॅरिसन या विदुषीने १९०३ मध्ये असे प्रतिपादन केले की, विधींतील भीषण मुखवटा आधीचा असावा आणि त्याचे स्पष्टीकरण देण्यासाठी देहधारी राक्षसी व तिच्या वधाची कथा नंतर रचली गेली असावी.

गॉर्गोनच्या रक्तालाही दुहेरी शक्ती मानली जाई. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणसंग्रहात तिच्या डाव्या बाजूच्या रक्ताने मृत्यू येतो आणि उजव्या बाजूच्या रक्ताने वैद्य अॅस्क्लेपियस मृतांना जिवंत करतो, असे म्हटले आहे. संहार आणि रक्षण या दोन्ही शक्ती एकाच ठिकाणी असण्याची ही कल्पना गॉर्गोनियनच्या वापरामागे आहे.

स्वरूपाचा विकास

जर्मन पुरातत्त्वज्ञ अडोल्फ फुर्टवेंगलर याने १९ व्या शतकाच्या अखेरीस गॉर्गोन प्रतिमांचे तीन टप्पे पाडले. काही दुरुस्त्यांसह ही विभागणी आजही वापरली जाते.

आर्ष टप्पा: इ.स.पू. ७ व्या आणि ६ व्या शतकांतील चेहरा गोल, रुंद आणि पूर्णतः समोर पाहणारा असतो. वटारलेले डोळे, चपटे नाक, कानापर्यंत पसरलेले तोंड, सुळे आणि बाहेर काढलेली जीभ ही त्याची लक्षणे होत. काही प्रतिमांना दाढीही असते. कॉर्फू बेटावरील आर्टेमिस मंदिराच्या त्रिकोणी शिखरपट्टीवरील गॉर्गोन (इ.स.पू. सुमारे ५८०) हे या टप्प्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ग्रीक चित्रकलेत मानवी चेहरे बहुधा एका बाजूने दाखवले जात. त्यामुळे थेट प्रेक्षकाकडे रोखून पाहणारे हे मुख अपवादात्मक ठरते.

मधला टप्पा: इ.स.पू. ५ व्या शतकात सुळे आणि जीभ यांचे प्रमाण कमी होत जाते व चेहरा मानवी वळण घेतो.

सुंदर टप्पा: इ.स.पू. ५ व्या शतकाच्या अखेरीपासून मेड्युसा देखण्या, बहुधा व्यथित स्त्रीच्या रूपात दिसू लागते. विस्कटलेले केस, कपाळाच्या वर दोन लहान पंख आणि हनुवटीखाली गाठ मारलेले दोन साप ही तिची ठरलेली चिन्हे बनतात. म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयातील ‘रोंदानिनी मेड्युसा’ हे संगमरवरी मुख या प्रकारात मोडते. रोमन दागिन्यांतील बहुसंख्य प्रतिमा याच टप्प्यातील आहेत.

दागिन्यांतील वापर

ग्रीक साहित्यातील उल्लेख

संरक्षक दागिन्यांविषयीचा महत्त्वाचा साहित्यिक पुरावा युरिपिडीसच्या ‘आयॉन’ या नाटकात (इ.स.पू. ५ वे शतक) आढळतो. अथेन्सची राणी क्रिऊसा हिच्याकडे गॉर्गोनच्या रक्ताचे दोन थेंब आहेत. एक मारक आणि दुसरा रोगनिवारक असून ते सोन्यात बसवून ती मनगटावर धारण करते. तिने टाकून दिलेल्या बाळासोबत सोन्याचे साप ठेवलेले असतात आणि अथेन्समध्ये मुलांच्या अंगावर असे साप घालण्याची प्रथा असल्याचे नाटकात सांगितले आहे. त्याच बाळाच्या वस्त्रावर मध्यभागी गॉर्गोन विणलेली असून कडेला एजिसप्रमाणे सापांची किनार आहे. शेवटी याच वस्तूंवरून आई आणि मुलगा यांची ओळख पटते. नाटक काल्पनिक असले, तरी बालकांच्या रक्षणासाठी साप आणि गॉर्गोन यांची चिन्हे वापरणे अथेन्समधील प्रेक्षकांना परिचित होते, हे त्यातून दिसते.

सुवर्णकाम

रोड्स बेटावरील कामिरोस येथील इ.स.पू. ७ व्या शतकातील दफनांत उरावर लावण्याच्या सोन्याच्या चौकोनी पट्ट्या मिळाल्या. त्यांवर पंखधारी देवी, मधमाशीचे अंग असलेल्या स्त्रिया आणि सेंटॉर (अर्धा मनुष्य, अर्धा अश्व) यांची उठावाची चित्रे आहेत. ग्रीक दागिन्यांत संमिश्र प्राण्यांचा वापर किती लवकर रुजला होता, याची ही साक्ष आहे.

काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील ग्रीक वसाहतींच्या परिसरात सिथियन सरदारांच्या थडग्यांमधून वस्त्रांवर शिवण्याचे लहान सुवर्णपत्रे मिळाले असून त्यांपैकी काहींवर गॉर्गोनचे मुख आहे. १८३० मध्ये उघडलेल्या कुल-ओबा येथील थडग्यात इ.स.पू. ४ थ्या शतकातील दोन मोठे सुवर्ण लोलक सापडले. त्यांवर शिरस्त्राणधारी अथेनाचे मुख असून शिरस्त्राणावर स्फिंक्स आणि पंखधारी अश्व आहेत. हे लोलक सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत.

इटलीतील एट्रुस्कन सोनारांनी ही कला तांत्रिकदृष्ट्या उच्च पातळीवर नेली. लूव्र संग्रहालयातील अॅकेलोस या शिंगधारी नदीदेवाच्या मस्तकाचा सुवर्ण लोलक (इ.स.पू. ५ व्या शतकाचा आरंभ) त्यांच्या कौशल्याचा नमुना मानला जातो. त्याच्या दाढीचे केस सोन्याच्या सूक्ष्म रव्यांनी घडवले आहेत. अॅकेलोस हा गॉर्गोनप्रमाणेच पराभूत झालेला संमिश्र जीव होता. हेराक्लिसने त्याचे शिंग मोडले होते.

निर्मितीची तंत्रे

सोन्याच्या पातळ पत्र्याला मागच्या बाजूने ठोकून पुढे उठाव आणणे हे गॉर्गोनियन घडवण्याचे सर्वांत सामान्य तंत्र होते. एकसारखी अनेक मुखे हवी असल्यास पत्रा कांस्याच्या किंवा दगडाच्या ठशावर दाबला जाई. केस आणि साप यांसाठी सोन्याची बारीक तार व सूक्ष्म रवे वापरत. रवे चिकटवण्यासाठी तांब्याचे संयुग आणि सेंद्रिय डिंक यांचे मिश्रण लावून वस्तू तापवली जाई. डिंकाच्या कोळशामुळे संयुगातील तांबे मोकळे होऊन सोन्याशी मिसळते आणि ही मिश्रधातू शुद्ध सोन्यापेक्षा कमी तापमानास वितळते. त्यामुळे रवे न वितळता पृष्ठभागावर घट्ट बसतात. १९ व्या शतकात रोममधील कास्तेल्लानी घराण्याने हे प्राचीन काम पुन्हा साधण्यासाठी दीर्घ प्रयत्न केले.

कोरीव रत्ने

खड्यात खोलवर कोरलेली प्रतिमा मुद्रेसाठी आणि उठावाने कोरलेली प्रतिमा, म्हणजे कॅमिओ, शोभेसाठी वापरली जाई. सार्डोनिक्स या दगडात गडद आणि पांढऱ्या रंगांचे थर असल्याने गडद पार्श्वभूमीवर मेड्युसाचा पांढरा चेहरा कोरता येत असे. नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातील ‘तात्सा फार्नेसे’ हे टॉलेमीकालीन इजिप्तशी जोडले जाणारे सार्डोनिक्सचे पात्र या प्रकारातील सर्वांत मोठ्या कलाकृतींपैकी एक आहे. त्याच्या बाहेरील तळावर भव्य गॉर्गोनियन आहे. ब्रिटिश म्युझियममधील ‘स्ट्रोझी मेड्युसा’ हा कॅल्सेडनीचा कोरीव खडा सोलोन या कारागिराच्या स्वाक्षरीसाठी प्रसिद्ध आहे.

रोमन सैन्यपदके

रोमन सैन्यात पराक्रमाबद्दल दिली जाणारी ‘फालेरे’ ही गोल पदके छातीवरील पट्ट्यांना लावली जात. त्यांवर मेड्युसाचे मुख वारंवार आढळते. जर्मनीत क्रेफेल्डजवळ लाउअर्सफोर्ट येथे १८५८ मध्ये सापडलेला चांदीच्या पदकांचा संच याचे उत्तम उदाहरण आहे. इ.स. ९ मध्ये वारुसच्या पराभवात मारला गेलेला शतकाधिपती मार्कस कॅलियस याच्या बॉन येथील स्मारकशिळेवर त्याच्या छातीवर अशी पदके कोरलेली आहेत. २०२३ मध्ये इंग्लंडमधील विंडोलांडा या रोमन छावणीच्या उत्खननात मेड्युसाचे मुख असलेले चांदीचे पदक मिळाले. सेनानी आणि सम्राट यांच्या उरःकवचावरही हे मुख असे. पाँपेई येथील अलेक्झांडरच्या प्रसिद्ध कुट्टिमचित्रात त्याच्या छातीवर गॉर्गोनियन स्पष्ट दिसते.

जेटचे लोलक

इ.स. ३ ऱ्या आणि ४ थ्या शतकांत ब्रिटन आणि ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात जेटपासून बनवलेले मेड्युसाचे लोलक प्रचलित होते. जेट हा प्राचीन लाकडाचे अश्मीभवन होऊन तयार झालेला, वजनाला हलका आणि चकचकीत काळा पदार्थ असून तो इंग्लंडच्या व्हिटबी किनाऱ्यावर मिळतो. तो घासला असता त्यात स्थितिक विद्युत निर्माण होऊन तो हलक्या वस्तू खेचतो. त्याच्या धुराने साप पळतात, असे थोरला प्लिनी सांगतो. अशा लोलकांत द्रव्य आणि प्रतिमा अशा दोहोंची रक्षणशक्ती एकत्र येत असे. यॉर्क येथे सापडलेले नमुने यॉर्कशायर म्युझियममध्ये आहेत. रोमन ब्रिटनमधील जेटचे दागिने बहुधा स्त्रिया आणि मुली यांच्या दफनांत मिळतात.

पोवळे आणि भारताशी संबंध

ओव्हिडच्या कथेनुसार पर्सिअसने मेड्युसाचे मस्तक समुद्रकिनारी पाणवनस्पतींवर ठेवले, तेव्हा त्या वनस्पती कठीण झाल्या आणि त्यांपासून पोवळे निर्माण झाले. प्लिनीने ‘गॉर्गोनिया’ हे पोवळ्याचेच नाव असल्याचे नमूद केले आहे. पोवळ्याच्या फांद्या लहान मुलांच्या अंगावर बांधल्यास त्यांचे रक्षण होते, हा समजही त्याने नोंदवला आहे. इटलीत ही प्रथा पुढे दीर्घकाळ टिकली. पिएरो देल्ला फ्रांचेस्काच्या ‘सेनिगाल्लियाची माता’ या १५ व्या शतकातील चित्रात बाळ येशूच्या गळ्यात पोवळ्याची माळ आहे.

रोमन लोकांना मोती जितके मोलाचे वाटतात, तितकेच भारतीयांना पोवळे मोलाचे वाटते आणि तेथील भविष्यवेत्ते त्याला संकटनिवारक मानतात, असे प्लिनी म्हणतो. इ.स. १ ल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या व्यापारी मार्गदर्शिकेत बॅरिगाझा (भरूच) आणि मुझिरिस या बंदरांत येणाऱ्या मालात पोवळ्याचा समावेश आहे. याच ग्रंथात बॅरिगाझाशी व्यापाराने जोडलेली दख्खनमधील पैठण आणि तेर (तगर) ही नगरे उल्लेखिलेली आहेत. भूमध्य समुद्रातील तांबडे पोवळे अशा रीतीने भारतात येत होते. तथापि त्यासोबत मेड्युसाची कथाही आली, असे म्हणण्यास आधार नाही. भारतीय परंपरेत पोवळ्याचा संबंध मंगळ ग्रहाशी जोडला जातो.

भारतीय मंदिरांवरील कीर्तिमुखाशी गॉर्गोनियनची तुलना अनेकदा केली जाते. वटारलेले डोळे, उघडा जबडा, देहाविना केवळ मुख आणि दाराच्या किंवा कमानीच्या माथ्यावरील स्थान ही साम्ये लक्षणीय आहेत. मात्र केवळ रूपसाम्यावरून एकाची उत्पत्ती दुसऱ्यापासून झाली, असे सिद्ध होत नाही.

मध्ययुगीन परंपरा

ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतरही सर्पमुखाची प्रतिमा नाहीशी झाली नाही. बायझंटाईन साम्राज्यात सुमारे १० ते १२ व्या शतकांत ‘हिस्टेरा’ नावाने ओळखले जाणारे ताईत वापरात होते. ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. या ताइतांवर मध्यभागी एक मुख आणि त्यापासून निघणारे, बहुधा सात, साप असत. दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती संत किंवा देवदूत आणि भोवती प्रार्थना कोरलेली असे. गर्भाशयाला शांत राहण्यास सांगणारे मंत्रही त्यांवर आढळतात. बाळंतपण आणि उदरव्यथा यांत संरक्षण मिळावे, हा त्यांचा उद्देश असल्याचे मानले जाते.

कीव्हच्या रुस राज्यात याच धर्तीवर ‘झ्मेयेविक’ हे ताईत तयार झाले. १८२१ मध्ये चेर्निहिव्हजवळ सापडलेले सोन्याचे झ्मेयेविक त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याच्या एका बाजूस देवदूत मायकेल आणि दुसऱ्या बाजूस सर्पवेष्टित मुख असून ते राजपुत्र व्लादिमीर मोनोमाख याच्याशी जोडले जाते.

अन्वयार्थ आणि मतभेद

भीषण मुख रक्षण कसे करते, याचे एक उत्तर प्राचीन काळीच दिले गेले. प्लुटार्कच्या ‘भोजनप्रसंगीचे संवाद’ या ग्रंथातील दृष्टीविषयक चर्चेत असे मत येते की, ताइताचे विचित्र रूप मत्सरी नजर स्वतःकडे ओढून घेते आणि त्यामुळे धारण करणाऱ्यावर तिचा जोर कमी पडतो. या मतानुसार ताईत शत्रूला घाबरवत नाही, तर नजरेचा आघात स्वतःवर घेतो. दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार भयंकराला भयंकरानेच पळवता येते. तिसरे स्पष्टीकरण अथेनावर भर देते: मस्तक हे देवीचे विजयचिन्ह असल्याने ते धारण करणारा तिच्या आश्रयाखाली येतो.

सिग्मंड फ्रॉईडने १९२२ मध्ये लिहिलेल्या आणि १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणात मेड्युसाच्या मस्तकाचा संबंध लैंगिक भयाशी जोडला. फ्रेंच अभ्यासक ज्याँ-पिएर व्हेर्नां यांनी त्यात मानवाला सर्वस्वी परक्या असलेल्या मृत्यूचा चेहरा पाहिला.

पुरातत्त्वात मात्र प्रत्येक राक्षसमुखाला संरक्षक ठरवण्याविषयी सावधगिरी बाळगली जाते. एखाद्या अंगठीवरील मेड्युसा ताईत होती, घराण्याची मुद्रा होती, की केवळ लोकप्रिय नक्षी होती, हे प्रतिमेवरून सांगता येत नाही. त्यासाठी वस्तू कोठे, कोणाच्या दफनात, अंगावर कोणत्या जागी आणि कशाच्या सोबत मिळाली, ही माहिती आवश्यक असते. १९ व्या शतकातील संग्राहकांनी आणि नंतरच्या चोरट्या उत्खननांनी असंख्य दागिने संदर्भाविना बाजारात आणले. अशा वस्तू सौंदर्याने अखंड असल्या, तरी त्या कोणाचे आणि कशापासून रक्षण करण्यासाठी होत्या, हा प्रश्न त्यांच्याबाबतीत बहुधा कायमचा अनुत्तरित राहतो. दुसरीकडे, शोभा आणि रक्षण हा भेद प्राचीन लोक आजच्याइतका काटेकोरपणे करत नसत. रोमन मुले गळ्यात ‘बुल्ला’ नावाची पेटी घालत. ती एकाच वेळी दागिना, ताईत आणि स्वतंत्र नागरिकाच्या मुलाची खूण होती.

आधुनिक काळ

१९ व्या शतकात प्राचीन शैलीच्या दागिन्यांची आवड वाढली, तेव्हा मेड्युसाचे मुख पुन्हा लोकप्रिय झाले. नेपल्सजवळील तोर्रे देल ग्रेको येथे पोवळे आणि शिंपले यांवरील कोरीवकामाचा व्यवसाय भरभराटीस आला. इटालियन कारागीर बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची याने लाल जास्परमध्ये कोरलेले मेड्युसाचे मुख न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. याच संग्रहालयाने २०१८ मध्ये अभिजात कलेतील मेड्युसाविषयी स्वतंत्र प्रदर्शन भरवले. जानी व्हर्साची याने १९७८ मध्ये स्थापन केलेल्या इटालियन फॅशन संस्थेचे बोधचिन्हही मेड्युसाचे मुखच आहे.

२० व्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रतिमेचा अर्थ बदलला. फ्रेंच लेखिका एलेन सिझू यांच्या ‘मेड्युसाचे हास्य’ (१९७५) या निबंधाने तिला स्त्रीच्या दडपलेल्या आवाजाचे प्रतीक केले. ओव्हिडच्या कथेतील अन्याय केंद्रस्थानी ठेवून अनेक स्त्रिया, विशेषतः लैंगिक अत्याचारातून सावरलेल्या, आज मेड्युसाचे लोलक किंवा गोंदण धारण करतात. प्राचीन काळी मेड्युसाच्या व्यथेचा विचार न करता तिच्या मस्तकाची शक्ती वापरली जाई. आधुनिक वापरात मात्र ती स्वतःच पीडित आणि रक्षक अशा दोन्ही भूमिकांत येते.